मदत हवी आहे: जिलेटचा जुना ‘पॉकेट एडिशन’ सेफ्टी रेझर, एका बाजूची फट वाकडी झाली आहे

नमस्कार मंडळी,

मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो. गेल्या मे महिन्यात ब्रिमफील्डच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात मला जिलेटचा ‘पॉकेट एडिशन’ प्रकारचा सेफ्टी रेझर मिळाला. १९०८ च्या सुमारास बॉस्टनच्या या कंपनीने जो खिशात मावणारा संच आणला, त्यातलाच हा एक असावा. चांदीचा मुलामा दिलेली डबी आहे, आत आट्यांची मूठ वेगळी, डोके वेगळे आणि पाती ठेवण्यासाठी दोन चपट्या डब्या. मूठ फिरवून काढली की ती डोक्याशेजारी आडवी बसते आणि सगळे सामान कोटाच्या खिशात जाते.

प्रश्न विचारण्याआधी रचना थोडी तपशिलाने सांगतो, कारण माझी अडचण तिच्यातूनच निर्माण झाली आहे. डोक्याचे दोन भाग आहेत. वरची टोपी खालच्या अंगाने खोलगट असून तिच्या मधोमध आट्यांचा खिळा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी आहे. खालची पट्टी म्हणजे दोन्ही कडांना कंगव्यासारखे दाते असलेला, किंचित फुगीर पत्रा. पाते या दोहोंमध्ये ठेवायचे आणि मूठ आवळायची. आवळताना सपाट पाते टोपीच्या खोलगटपणाप्रमाणे वाकते आणि वाकल्यामुळेच ताठ होते. १९०१ साली अर्ज केलेल्या आणि १५ नोव्हेंबर १९०४ रोजी मंजूर झालेल्या जिलेटच्या पेटंटातला मुख्य दावाही हाच आहे की, पाते इतके पातळ आणि लवचिक असावे की त्याच्या धारेला ताठपणा बाहेरच्या आधारानेच मिळावा. त्याआधीचा, १८८० च्या पेटंटाचा, काम्फे बंधूंचा ‘स्टार’ सेफ्टी रेझर पाहिला तर फरक लगेच ध्यानात येतो: त्यात वस्तऱ्याचाच एक जाड तुकडा बसवलेला असे आणि तो नेहमी चामड्याच्या पट्ट्यावर घासून लावावा लागे, म्हणजे रेझर लहान असला तरी त्याचा संसार लहान नव्हता. खिशात मावणारी डबी शक्य झाली ती पाते पातळ झाल्यामुळे. मूठ वेगळी करण्याची युक्ती त्यामानाने सोपी म्हणायची. अर्थात एवढ्या पातळ पत्र्याला पाणी देऊन धार लावणे हे काम या रेझरचे संशोधक किंग कॅम्प जिलेट यांना स्वतः जमण्यासारखे नव्हते. ते विल्यम निकर्सन या अभियंत्याने जमवले, आणि माझ्या मते पात्यांच्या वेष्टनावर जिलेट यांच्या चित्राशेजारी त्यांचेही चित्र असायला हवे होते.

आता अडचण. पंधरा दिवस या रेझरने उत्तम दाढी झाली. नंतर तो माझ्याच हातून न्हाणीघराच्या फरशीवर पडला. मुलाम्याला ओरखडा नाही, दाते मोडलेले नाहीत, परंतु तेव्हापासून एका बाजूने दाढी गुळगुळीत होते आणि दुसऱ्या बाजूच्या एका कोपऱ्याशी पाते बोचते. उजेडाकडे धरल्यावर धार आणि दाते यांच्यातली फट त्या कोपऱ्याकडे रुंदावलेली दिसते. माझ्याकडे फीलर गेज (फट मोजण्याच्या ठरावीक जाडीच्या पट्ट्या) नाही, म्हणून छपाईच्या साध्या कागदाच्या, म्हणजे अंदाजे ०.१ मिलिमीटर जाडीच्या, पट्ट्या एकावर एक सरकवून मोजले: तीन कोपऱ्यांत चार कागद जातात, चौथ्यात सात.

माझे प्रश्न असे आहेत. दोष टोपीत आहे, पट्टीत आहे की पात्यात, हे नक्की कसे ओळखावे? मूळ पाते सुमारे ०.१५ मिलिमीटर जाडीचे होते आणि मी वापरतो ते आजचे पाते ०.१ मिलिमीटरचे आहे, याचा या वाकडेपणाशी काही संबंध असू शकतो का? मूठ पाव फेरा सैल केली की दाढी अधिक घोटीव होते असे ऐकले आहे, ते का, आणि सध्याच्या स्थितीत तसे करून पाहावे का? शेवटचे म्हणजे, वाकलेला दाता सरळ करताना मुलामा तडकण्याचा धोका किती? आईने फोनवर चिंच लावून घासायचा सल्ला दिला आहे, तो तूर्त बाजूला ठेवला आहे.

प्रतिसाद १

आपण फट मोजलीत हे फार बरे केले, कारण त्यामुळे अंदाजाने काही सांगावे लागत नाही. टोपीच्या एका बाजूला मार्करने ठिपका द्या. पहिल्यांदा फक्त पाते अर्धा फेरा फिरवून बसवा. रुंद फट जागच्या जागी राहिली, तर पाते निर्दोष आहे. मग पाते व टोपी तशीच ठेवून पट्टी अर्धा फेरा फिरवा. तिची तिन्ही भोके एका रेषेत असल्यामुळे ती उलटीही बसते. रुंद फट ठिपक्याच्या दृष्टीने दुसऱ्या बाजूला गेली, तर पट्टी वाकली आहे. ती ठिपक्याशी आहे तिथेच राहिली, तर टोपी किंवा तिच्या खुंट्या संशयित ठरतात, आणि त्या स्थितीत मधल्या खिळ्याला पक्कड लावण्याचा मोह कृपया टाळा, कारण टोपीतला त्याचा जोड सुटला तर रेझर केवळ शोभेचा उरेल.

पातळ पात्याचा प्रश्न योग्य आहे, परंतु पाते पातळ असल्याचा परिणाम चारही कोपऱ्यांवर सारखाच व्हायला हवा. एकाच कोपऱ्यात तीन कागदांचा फरक त्याने पडणार नाही. भोकांत आणि खुंट्यांत थोडी मोकळीक असते, म्हणून आवळण्यापूर्वी पाते दोन्ही बाजूंना सारखे बाहेर आले आहे ना, हे मात्र दर वेळी पाहावे.

मूठ सैल करण्याचे कारण आपल्याच वर्णनात आहे. पूर्ण आवळल्यावर पाते सर्वांत जास्त वाकते आणि धार दात्यांच्या जवळ येते. थोडे सैल केले की पाते सरळ होऊ पाहते, धार दात्यांपासून दूर जाते आणि फट वाढते. या जुन्या रचनेत जुळवणीचे वेगळे चाक नसताना मूठच ते काम करीत असे. जुने पेटंट संपत आले तेव्हा, १९२१ साली, कंपनीने जे ‘न्यू इम्प्रूव्ह्ड’ डोके आणले, त्यात टोपी रुंद करून पट्टीला खांदा दिला, जेणेकरून पात्याला धारेच्या अधिक जवळ आधार मिळावा. आपल्या रेझरच्या डोक्यात तो खांदा नाही. तेव्हा फट सारखी होईपर्यंत मूठ सैल करू नका, नाही तर सात कागदांचे नऊ होतील आणि गाल त्याची साक्ष देईल.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत. पट्टी वाकलेली निघाली तर पक्कड वापरू नका. लाकडाच्या सपाट तुकड्यावर पट्टी ठेवून, वाकलेल्या कोपऱ्याखाली चामड्याचा तुकडा घेऊन, अंगठ्याने थोडे थोडे दाबा आणि प्रत्येक वेळी जोडून कागदाने मोजा. खाली पितळ आहे, ते एकदा हलके वाकवले तर ऐकते; पुन्हा पुन्हा मागेपुढे केले की मात्र दाता मुळाशी तुटतो. त्याच बैठकीत पोकळ मुठीच्या गळ्याशी केसासारखी चीर नाही ना, हेही भिंगाने पाहून घ्या, कारण जुन्या मुठी तिथेच फाटतात आणि त्यांना जोर लावून आवळणे महागात पडते.

चिंच आणि पितळ घासायची पावडर दोन्ही नकोत. मुलामा फार पातळ असतो आणि घासला की खालचे पितळ पिवळे दिसू लागते. भांड्यांचा साबण, कोमट पाणी आणि मऊ टूथब्रश पुरेसा आहे.

मूळ प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही आभार. ठिपका देऊन पाहिले: पाते फिरवल्याने फरक पडला नाही, पट्टी फिरवल्यावर रुंद फट दुसऱ्या बाजूला गेली, म्हणजे दोष पट्टीचाच. मुठीला चीर नाही. काल संध्याकाळी लाकडी पाटावर चार वेळा दाबून मोजले. आता चौथ्या कोपऱ्यात पाच कागद जातात, बाकी तिघांत चार. पाचव्यांदा दाबण्याची हिंमत झाली नाही. आज सकाळी मूठ पूर्ण आवळून दाढी केली, कुठेही बोचले नाही, म्हणून तो एक कागद तसाच राहू देणार आहे.