मदत हवी आहे: बॉब गिब्सनच्या बॅटिंगची तुलना कशाशी करू?

नमस्कार मंडळी. सेंट लुईस कार्डिनल्स या अमेरिकन बेसबॉल संघाचा बॉब गिब्सन मूळचा पिचर (म्हणजे चेंडू टाकणारा), तरी त्याच्या नावावर २४ होम रन आणि ०.२०६ ची बॅटिंग सरासरी (हिट भागिले ‘अ‍ॅट बॅट’, म्हणजे बॅटिंगच्या मोजल्या जाणाऱ्या खेपा) आहे. १९७० मध्ये तर पठ्ठ्याने ०.३०३ गाठली! त्याच्या कारकिर्दीचे १९५९ ते १९७५ असे रकाने वहीत आखून ठेवलेत, शेजारी त्याचा संघ ज्या लीगमध्ये खेळायचा त्या नॅशनल लीगची सरासरी लिहायची आहे. पण त्या आकड्यात पिचरही मोजलेले असतात, आणि ते सहसा बॅटिंगमध्ये कच्चे. शिवाय १९६८ मध्ये सगळ्यांच्याच बॅटी थंडावल्या होत्या, लीगची सरासरी जेमतेम ०.२४३. मग दर मोसमाची सरासरी त्याला मिळालेल्या ‘अ‍ॅट बॅट’च्या प्रमाणात धरू का? आणि फक्त पिचरांची वर्षवार सरासरी कुठे मिळेल? मला तीच तुलना न्यायाची वाटते. जाणकारांनी कृपया सांगावं.