जुन्या गाडीच्या रंगकामावर किती खर्च करावा?

प्रश्न
नमस्कार. आमची गाडी १४ वर्षांची आहे. इंजिनाची तक्रार नाही आणि आणखी चार-पाच वर्षे तीच वापरायचा विचार आहे. मात्र बॉनेट आणि टपावरचा रंग पांढुरका पडून त्याचे पापुद्रे निघू लागले आहेत, आणि मागच्या डाव्या दरवाज्याच्या खालच्या कडेला गंजाचे फोड आले आहेत. संपूर्ण गाडी रंगवण्याच्या दोन अंदाजपत्रकांत जवळजवळ तिपटीचा फरक आहे. मोठा आकडा गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्यावर जातो. एवढा खर्च करावा का?

उत्तर १
विकण्यासाठी रंगवत असाल, तर करू नका. हा खर्च विक्रीच्या किमतीत क्वचितच पूर्ण वसूल होतो आणि नुकत्याच रंगवलेल्या जुन्या गाडीकडे घेणारा संशयानेच पाहतो. पण आपल्याला ती वापरायची असल्यामुळे बाजारभाव बाजूला ठेवून हा खर्च उरलेल्या वर्षांवर वाटून पाहावा.

तिपटीचा फरक बहुतेक पूर्वतयारीतून येतो. स्वस्त कामात काचांची रबरे, हँडल आणि दिवे जागेवरच ठेवून त्यांवर चिकटपट्टी लावतात, जुना रंग वरवर घासतात आणि लगेच फवारणी करतात. अशा कामात रंग पुढे रबरांच्या कडेपासूनच सुटू लागतो. नीट कामात हे सुटे भाग उतरवले जातात, सैल झालेला क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) मुळापर्यंत घासून काढला जातो आणि उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर (रंगाखालचा, गंज रोखणारा थर) दिला जातो. यात मजुरीचे तास जातात, आणि पैसे मोजायचे ते त्यासाठीच. म्हणून काय उतरवणार आणि कोणता प्रायमर देणार, हे दोघांकडूनही लिहून घ्यावे.

उत्तर २
रंगाआधी गंज पाहा, ही कळकळीची विनंती. दरवाज्याच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी छिद्रे असतात. ती मातीने बुजली की पाणी आत साचते आणि पत्रा आतून सडतो. त्यामुळे बाहेरचा फोड दिसतो तेव्हा आतला गंज बराच पसरलेला असतो. पेचकसाच्या टोकाने तिथे दाबून पाहा. टोक आत गेले तर तेवढा पत्रा कापून नवा जोडावा लागेल. लोखंडी पत्र्यावर फडक्यात गुंडाळलेले चुंबकही फिरवा. जिथे ते धरत नाही, तिथे पूर्वी कोणीतरी जाड लांबी (खड्डे बुजवायची पुटी) भरलेली असते. दरवाज्यांखालचे उंबरठे आणि तळ सडले असतील, तर रंगावर खर्च करूच नका.

उत्तर ३
संपूर्ण गाडी रंगवायची गरज मला दिसत नाही. पापुद्रे निघालेल्या जागी पॉलिशचा उपयोग नाही, पण केवळ निस्तेज झालेले भाग रबिंग कंपाउंडने (रंगाचा वरचा थर किंचित घासणाऱ्या लेपाने) उजळतात. कारखान्यातल्या रंगाची एकूण जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते, त्यामुळे हे घासणे वरचेवर करू नये. रंग मेटॅलिक असेल तर छटा जुळवणे कठीण जाते. रंगाचा कोड तोच असला तरी उन्हाने उतरलेला रंग वेगळा दिसतो. नमुना आधी पट्टीवर मारून घ्या आणि तो उन्हात गाडीशेजारी धरून पाहा.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. दरवाज्याच्या तळाशी तळहाताएवढ्या भागात चुंबक धरत नाही, उंबरठे मात्र टणक आहेत. दोन्ही ठिकाणी आता फक्त बॉनेट, टप आणि त्या दरवाज्याचे नवे अंदाजपत्रक मागितले असून, कोणते भाग उतरवणार हे त्यात लिहायला सांगितले आहे.