दृष्टिहीन उमेदवाराची मार्गदर्शक म्हणून नेमके काय करावे?

प्रश्न : रेघोटी

आमच्या संस्थेने नोकरी शोधणाऱ्या दिव्यांग उमेदवारांसाठी मार्गदर्शन उपक्रम सुरू केला असून हिशेब विभागातून माझी मार्गदर्शक म्हणून निवड झाली आहे. माझ्याकडे येणारी तरुणी जन्मापासून दृष्टिहीन आहे, वाणिज्य शाखेची पदवीधर आहे आणि संगणकावर स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, साहाय्याने काम करते. उपक्रमाच्या शेवटी तिला नोकरी देण्याचे बंधन संस्थेवर नाही आणि तसे तिला आधीच स्पष्ट सांगितले आहे.

मला मिळालेल्या सूचनांमध्ये 'प्रोत्साहन द्यावे', 'आत्मविश्वास वाढवावा' यापलीकडे फारसे काही नाही. पहिल्या भेटीत तरी तिच्यात आत्मविश्वासाची उणीव मला दिसली नाही. मग मी तिला नेमके काय द्यावे? शिवाय, अर्जात अपंगत्वाचा उल्लेख करावा का, असे तिने विचारले आहे. त्यावर काय सांगावे?

प्रतिसाद : सहाठिपके

मी स्वतः दृष्टिहीन आहे आणि बरीच वर्षे कार्यालयीन नोकरी करतो. प्रोत्साहन देणारे आम्हाला पावलोपावली भेटतात. भेटत नाही तो आतली माहिती देणारा माणूस. नवा डोळस कर्मचारी नुसते इकडेतिकडे बघून पुष्कळ शिकतो : कोणत्या साहेबांकडे थेट जायचे आणि कोणाकडे आधी मेल टाकायचा, बैठकीत कोणाच्या कपाळावर आठ्या पडल्या की विषय आवरता घ्यायचा, महिनाअखेरीस विभागात किती धांदल असते. हे तिला कोणीतरी शब्दांत सांगावे लागेल, आणि ते काम तुमच्याइतके चांगले दुसरे कोणी करू शकणार नाही.

दुसरे म्हणजे तिला खरे काम द्या. गोपनीय नावे काढून टाकलेली एखादी जुनी फाइल घ्या आणि तिला तिच्या पद्धतीने ताळमेळ घालू द्या. हिशेब विभागात थकीत रकमा लाल रंगाने दाखवण्याची सवय सर्रास असते. परंतु स्क्रीन रीडर रंग सहसा आपणहून सांगत नाही, त्यामुळे शेजारच्या रकान्यात 'थकीत' असा शब्द लिहावा लागतो. दोन-तीन रकाने एकत्र जोडून वर मोठे शीर्षक दिले असेल, तर खालचा आकडा कोणत्या शीर्षकाखालचा हे ऐकणाऱ्याला कळेनासे होते. स्कॅन केलेले बिल म्हणजे स्क्रीन रीडरच्या दृष्टीने निव्वळ चित्र. ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या तंत्राने, मजकूर काढता येतो, पण त्यातले आकडे पुन्हा ताडून पाहावे लागतात. अशा अडचणी तुमच्यासमोर आल्या की त्यांतल्या किती तिच्या आणि किती तुमच्या फाइलच्या, हे दोघींनाही कळेल आणि पुढच्या मुलाखतीत तिला नेमके बोलता येईल.

प्रतिसाद : दुवा

मी दिव्यांग उमेदवारांना नोकरी मिळवून देण्याच्या क्षेत्रात काम करते. वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. आधी भरपूर प्रशिक्षण आणि मग नोकरी, हा क्रम या क्षेत्रात दीर्घकाळ रूढ होता आणि त्यात उमेदवार तयारीतच अडकून राहत. मानसिक आजार असलेल्या व्यक्तींसाठी १९९०च्या दशकात अमेरिकेत विकसित झालेल्या 'इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट' या पद्धतीने हा क्रम उलटा केला : आधी खुल्या बाजारातली खरी नोकरी, मग त्या नोकरीत लागेल तो आधार. अनेक चाचण्यांत तिचे निष्कर्ष जुन्या पद्धतीपेक्षा सरस ठरले. तुमच्या उमेदवाराची परिस्थिती वेगळी आहे, तरीही सराव-मुलाखतींमध्येच सगळा वेळ घालवू नये, एवढा बोध त्यातून घ्यायला हरकत नाही.

माझ्या मते तुमची सर्वांत मोठी पुंजी म्हणजे तुमच्या ओळखी. बऱ्याच नोकऱ्यांची खबर जाहिरातीआधी तोंडी फिरते आणि त्या वर्तुळात दिव्यांग उमेदवार क्वचितच असतात. तिची संमती घेऊन तुमच्या व्यवसायातल्या दोन-तीन जणांशी तिची गाठ घालून द्या; मात्र ओळख करून देताना 'हिला मदत करा' असे न म्हणता तिने ताळमेळ घातलेल्या फाइलविषयी बोला.

प्रतिसाद : अदृश्य

उल्लेखाच्या प्रश्नाविषयी लिहितो. माझे अपंगत्व बाहेरून दिसत नाही, म्हणून हा निर्णय प्रत्येक नोकरीच्या वेळी मला नव्याने घ्यावा लागतो. तो निर्णय तिचाच आहे. तुम्ही फक्त दोन्ही बाजू मांडाव्यात. लवकर सांगितले तर काही ठिकाणी अर्ज परस्पर बाजूला पडतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. न सांगता गेले आणि संगणकावरची परीक्षा स्क्रीन रीडरला वाचताच आली नाही, तर ती संधीही हातची जाते. मुलाखतीचे बोलावणे आल्यावर, वैद्यकीय इतिहास न सांगता, केवळ गरज कळवणे हा मधला मार्ग मला पटतो : 'परीक्षा संगणकावर असल्यास ती स्क्रीन रीडरने वाचता येईल अशा स्वरूपात मिळावी.' ही याचना नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या दिव्यांग हक्क करारात वाजवी सोय नाकारणे हाही भेदभावच मानला आहे आणि त्याच्या २७व्या कलमात कामाच्या ठिकाणी अशी सोय मिळण्याचा स्वतंत्र उल्लेख आहे.

एक मतभेद नोंदवतो. मार्गदर्शक डोळस असला तरी चालतो, पण तिला एखाद्या नोकरदार दृष्टिहीन व्यक्तीशीही बोलता आले पाहिजे. प्रवासाने येणारा थकवा किंवा सहकाऱ्याची नको असलेली मदत कशी नाकारावी, हे तुम्हाला सांगता येणार नाही.

रेघोटी

सर्वांचे मनापासून आभार. फाइलची कल्पना मी तिच्यासमोर मांडेन. आणखी एक शंका आहे : तिच्या प्रगतीचा अहवाल द्यावा, असे आमच्या व्यवस्थापकांनी सुचवले आहे. तो द्यावा का?

दुवा

गुण देणारा अहवाल देऊ नये. आपले बोलणे वर जाते असे वाटले, तर ती तुम्हाला अडचणी सांगणे बंद करेल. भेटी किती झाल्या आणि कोणते काम हाताळले, एवढेच लिहा, आणि ते पाठवण्यापूर्वी तिला वाचायला द्या. अर्थात, स्कॅन करून नव्हे.