पंचगंगेची पातळी आणि एआयचं उत्तर

नमस्कार मंडळी,

आई-बाबा कोल्हापुरात शुक्रवार पेठेत आहेत. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४१ फुटांवर गेलंय आणि अजून चढतंय. एआयला विचारलं, तर उत्तर आलं: धोका पातळी ४५ फूट आहे, राधानगरी धरणाचे दरवाजे प्रशासनाच्या आदेशाशिवाय उघडत नाहीत, आज रात्री घर सोडायची गरज नाही. ज्यांचं कुणी तिकडे आहे त्या सगळ्यांना उपयोग होईल म्हणून पाठवतोय.

(डॅलसहून)

---

अरे, आधी घरी फोन लाव. त्यांना आत्ताच निघायला सांग. बाकीचं मग वाच.

इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. म्हणजे चार नाही, दोनच फूट उरलेत. आणि राधानगरीचे सातही दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात, कुणाच्या सहीसाठी थांबत नाहीत. एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी भोगावती नदीत पडतं आणि काही तासांत इकडे पंचगंगेत पोचतं. दसरा चौकाच्या बाजूला तर जयंती नाल्याला फुगवटा येऊन पाणी मागून शिरतं, म्हणून सुतारवाड्यातली माणसं आधी हलवतात. २०१९ ला आणि २०२१ ला पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. हे चिखली-आंबेवाडीतल्या कुणालाही विचार.

उत्तर चुकलं यापेक्षा ते कसं आलं याची मला जास्त धास्ती वाटते. शुद्ध मराठी, आकडे, कुठे चाचरणं नाही. पुढे कुठला शब्द शोभेल याचा अंदाज बांधत ते यंत्र वाक्य जुळवतं. त्यातलं खरं आणि नुसतं जुळून आलेलं, दोन्ही एकाच सुरात बोलतं. त्यात ते तुझ्या नावाने आलं. मंडळात तुझ्या शब्दाला वजन आहे, लोक यंत्रावर नाही, तुझ्यावर विश्वास ठेवतात. मंडळाच्या या मेल-गटात नदीकाठची माणसं असलेली निदान दहा घरं आहेत. तुझी मेल आल्यावर त्यांतलं एकही बोललं नाही. उत्तर मिळालंच आहे म्हटल्यावर कोण बोलणार? मला हेच सगळ्यात वाईट वाटतं.

(राजारामपुरी, कोल्हापूर)

---

काका, फोन झाला, दोघं निघालेत. पण आता एआय उत्तराखाली दुवे पण देतं. तेवढ्यावर विसंबायचं नाही का?

---

दुवा उघडून वाचलास तर जरूर. पातळीच्या बाबतीत आकड्याशेजारची तारीख आणि वेळही बघायची, कारण सकाळचा आकडा संध्याकाळी कामाचा नसतो. दुवा नुसता दिसतो म्हणून खरा मानू नकोस. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खटले दाखले म्हणून दिले होते. खटल्यांची नावं होती, निकालांतले उतारे होते, आणि हे खरे आहेत का असं विचारल्यावर त्याने हो म्हटलं होतं. ५००० डॉलरचा दंड मात्र वकिलांना बसला.

एआय वापरू नका असं मी म्हणत नाही. पण त्याचं उत्तर इथे टाकताना आपण स्वतः काय पडताळलं तेवढं लिहा, आणि पडताळलं नसेल तर प्रश्नच टाका. आज रात्री मी जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला विचारून पातळी वेळेसकट कळवत राहीन. आई-बाबांना थेट आमच्याकडे यायला सांग, काकूने त्यांचा स्वयंपाक धरलाय.