अरेका पाम, ताड आणि खजूर : बिया एकाच ट्रेमध्ये पेराव्यात का?

वाईची परसबाग :
नमस्कार. वाईजवळ आमच्या घराभोवती थोडी मोकळी जागा आहे आणि कुंपणाच्या कडेची पामची झाडे रोपवाटिकेतून न आणता बियांपासूनच वाढवावीत, असा विचार आहे. सध्या माझ्याकडे शेजारच्या बागेतील अरेका पामची नारिंगी झालेली फळे, डहाणूहून आणलेली ताडाची पिकलेली फळे आणि बाजारातल्या खजुराच्या बिया आहेत. या सगळ्या कोकोपीट भरलेल्या एकाच उथळ ट्रेमध्ये आता फेब्रुवारीत पेराव्यात, की पावसाळ्याची वाट पाहावी? बिया आधी भिजवाव्यात असे काही जण सांगतात, तर काही जण आठवडाभर वाळवायला सांगतात. कोणते ग्राह्य धरावे?

मातीचा माणूस :
एकच ट्रे नको. कारण या तीन बियांची उगवण्याची रीतच वेगळी आहे. अरेका पाम, सुपारी किंवा नारळ यांचा कोंब बीला चिकटूनच वर येतो, त्यामुळे चार-पाच इंच खोलीचे भांडे सुरुवातीला पुरते. खजूर आणि ताड यांच्या बीमधून मात्र आधी एक जाडसर, पांढरा, मुळासारखा दिसणारा दांडा निघून जमिनीत खाली जातो आणि खऱ्या रोपाचा कोंब त्या दांड्याच्या टोकाशी, म्हणजे बीपासून दूर तयार होतो. ताडाच्या बाबतीत हा दांडा दोन-तीन फूटही खाली जाऊ शकतो. उथळ ट्रेमध्ये तो तळाला अडून वाकडा होतो, आणि पुढे रोप काढताना तुटला तर सगळी मेहनत वाया जाते. म्हणून ताडाची बी जिथे झाड कायम ठेवायचे आहे तिथेच जमिनीत लावावी; खजुरासाठी किमान फूटभर खोल पिशवी घ्यावी.

भिजवण्याबद्दल : अरेका पामचा गर पूर्ण काढून बी एक-दोन दिवस पाण्यात ठेवावी, पाणी रोज बदलावे आणि लगेच पेरावी. ती वाळवली की तिची उगवणक्षमता झपाट्याने कमी होते. खजुराचे उलट आहे, त्याची वाळलेली बी वर्षानुवर्षे टिकते. इस्रायलमध्ये मसादा येथील उत्खननात मिळालेली सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची खजुराची बी २००५ मध्ये पेरल्यावर उगवली होती, त्यामुळे बाजारच्या पाकिटातील बीची काळजी नसावी. (पाकिटातला खजूर शिजवलेला किंवा पाकात घोळवलेला नाही, एवढे पाहून घ्या.)

पेरणी फेब्रुवारीअखेरीस करावी. पामच्या बीला ऊब लागते. २७ ते ३५ अंश तापमानात ती उत्तम उगवते आणि थंडीत नुसती पडून राहते. ऊन वाढू लागले की ओलावा तेवढा जपावा.

श्रीवर्धनचा बागायतदार :
वरील उत्तराशी सहमत आहे, सुपारीच्या अनुभवावरून थोडी भर घालतो. आमच्याकडे बियाण्यासाठी पूर्ण पिकलेली, वजनदार सुपारी निवडतात आणि वाळूच्या वाफ्यात देठाची बाजू वर ठेवून, वर जेमतेम वाळू येईल इतक्याच खोलीवर उभी लावतात. साधारण दीड ते तीन महिन्यांत कोंब दिसतो. अरेका पामची बी लहान असल्याने आडवी ठेवली तरी चालते, परंतु तीही खोल पुरू नये. पहिले पान दुभंगलेले, माशाच्या शेपटीसारखे येते. खजुराचे मात्र गवताच्या पात्यासारखे अरुंद असते आणि न ओळखणारा माणूस ते तण समजून उपटतो, तेव्हा पिशवीवर नाव लिहावे.

रोपाला दुपारचे, विशेषतः पश्चिमेचे ऊन लागू देऊ नका. सुपारीचे कोवळे खोड त्या उन्हाने भाजते आणि एकदा भाजलेला भाग पुन्हा सुधारत नाही. शेणखत पूर्ण कुजलेले व चाळलेले असावे, कारण ओल्या शेणाच्या ढिगात गेंड्या भुंग्याच्या अळ्या वाढतात.

वाईची परसबाग :
आभारी आहे. ताड कुंपणाला लागूनच लावला तर चालेल का, आणि खजुराला फळे येतील का?

मातीचा माणूस :
कुंपणापासून किमान दहा-बारा फूट आत, आणि वर विजेची तार नसेल अशा जागी. ताडाच्या वाळलेल्या झावळ्या जड असतात, शिवाय त्यांच्या देठांना करवतीसारखे दाते असतात. त्या खाली पडतात तिथे रोजची ये-जा नको.

खजुरात आणि ताडातही नर-मादी झाडे वेगळी असतात आणि फुलोरा येईपर्यंत ती ओळखता येत नाहीत. बीपासून झालेल्या खजुराचे फळ मूळ फळासारखे निघेल याचीही खात्री नसते, आणि फळ धरले तरी ते पिकण्याच्या सुमारास वाईचा पाऊस सुरू झालेला असेल. तेव्हा खजूर शोभेसाठी लावा. ताड फळायला बारा-पंधरा वर्षे सहज लागतात, म्हणून जागा असेल तर पाच-सहा बिया लावून ठेवा, म्हणजे त्यांत मादी झाड मिळण्याची शक्यता वाढेल.