आईला झोप येत नाही, अल्फा वेव्हचं म्युझिक लावतोय, खरंच फरक पडतो का?

नाशिकची_लेक
नमस्कार मंडळी. आई ६७ वर्षांची आहे, बाबा जाऊन आठ महिने झाले आणि तेव्हापासून तिची झोपच उडालीये. अकराला आडवी होते, दोन-अडीचला उठून देवघरापाशी जाऊन बसते, मग पहाटे कधीतरी डोळा लागतो. भाच्याने मोबाईलवर एक ट्रॅक लावून दिला, नाव 'अल्फा १० हर्ट्झ गाढ झोप', एकसारखा घूंऽऽ असा आवाज, मोबाईल उशीखाली ठेवायचा आणि म्हणे मेंदूच्या लहरी आपोआप बदलतात. तीन आठवडे झाले, फरक शून्य, उलट आई म्हणते डोकं भणभणतं. आता तो म्हणतोय पैसे भरून मोठा प्लॅन घेऊ. घ्यावा का? ह्या लहरींचं खरं काय आहे ते कोणी नीट सांगेल का? आई पूर्वी भजनी मंडळात पेटी वाजवायची, गायची पण. आता पेटीवर कापड टाकून ठेवलंय.

ईईजीवाली_ताई
ताई, प्लॅन घेऊ नका. मी १४ वर्षं ईईजी, म्हणजे मेंदूच्या विजेच्या लहरींचा आलेख, काढते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पेशंट येतो, आदल्या दिवशी केस धुवून, तेल न लावता यायला सांगितलेलं असतं, मग डोक्यावर माप घेऊन पेस्ट लावून २१ इलेक्ट्रोड चिकटवायचे. स्क्रीनवर सुरुवातीला नुसती बारीक दाटीवाटीची रेघ दिसते. मग मी म्हणते, काका डोळे मिटा. आणि एक-दोन सेकंदात डोक्याच्या मागच्या बाजूच्या चॅनेलवर एकसारख्या गोल लाटा सुरू होतात, सेकंदाला ८ ते १३, ती अल्फा. डोळे उघडा म्हटलं की पुसल्यासारख्या गायब. इतकी वर्षं बघतेय, अजूनही मला ते बघायला आवडतं. जर्मनीत येना गावच्या हान्स बर्गर नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदा ह्या लहरी टिपल्या आणि १९२९ मध्ये छापल्या, त्यालाही हेच दिसलं होतं.

आता मुद्दा असा की अल्फा म्हणजे झोप नाहीच. अल्फा म्हणजे जागं पण निवांत. झोप यायला लागली की अल्फा तुटत जाते, तिच्या जागी ४ ते ८ ची थीटा येते, आणि गाढ झोपेत ४ च्या खालची मोठी संथ डेल्टा. म्हणजे 'अल्फाने गाढ झोप' हे नावच चुकलंय.

दुसरं, असे बरेचसे ट्रॅक बायनॉरल बीट्सवर चालतात. एका कानात २०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २०० कंपनांचा आवाज, दुसऱ्या कानात २१०, दोन्ही कानांचे सिग्नल मेंदूच्या तळाशी जिथे एकत्र येतात तिथे मधला १० चा ठोका तयार होतो. त्याला दोन कानांना दोन वेगळे आवाज लागतात, म्हणजे हेडफोन हवाच. उशीखालच्या मोबाईलमधून दोन्ही आवाज बाहेरच मिसळतात, मग तो साधा घुमणारा आवाज झाला, आईंचं डोकं भणभणतंय ते उगाच नाही. आणि हेडफोन लावला तरी मेंदूच्या लहरी त्या ठोक्यामागे जातात का यावर अभ्यासांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. एवढ्यावर पैसे भरायला मी माझ्या आईला तरी सांगणार नाही.

लहरी मनाच्या स्थितीबरोबर बदलतात. माणूस निवांत झाला की त्या निवांत होतात, बाहेरून ओतता येत नाहीत. म्हणून आधी आई निवांत कशाने होतात ते शोधा.

जोडतार
वरच्या ताईंशी १०० टक्के सहमत. मी गाणं शिकवतो, मला विज्ञानातलं कमी कळतं पण एक सांगतो, तुमच्याकडे मोबाईलच्या घूंऽऽ पेक्षा कितीतरी चांगली गोष्ट आहे ती म्हणजे आईचा स्वतःचा सूर. तंबोरा ऐकवा. पहिली तार पंचम म्हणजे प, मधल्या दोन जोडीच्या षड्ज म्हणजे सा, शेवटची खर्ज म्हणजे खालचा सा, आणि घोडीवर तारेखाली जो दोरा सरकवून जवारी लावतात त्याने तो आवाज उमलतो, एका तारेतून दहा सूर ऐकू येतात, मन त्यात आपोआप गुंतून राहतं. ॲपवरचा तंबोरा फुकट मिळतो, फक्त आवाज अगदी हळू ठेवा आणि मोबाईल खोलीच्या दुसऱ्या टोकाला. आणि आईंना त्याबरोबर नुसता सा गुणगुणू दे, लांब, श्वास संपेपर्यंत. इटलीतल्या डॉक्टरांनी २००१ मध्ये छापलं होतं की जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हणा नाहीतर मंत्र म्हणा, दोन्हींनी श्वास मिनिटाला साधारण सहावर येतो आणि हृदयाची लयसुद्धा त्याबरोबर सुधारते. आपल्या बायका जप करताना दुसरं काय करतात. श्वास सोडणं लांबलं की छाती हलकी होते, हे गळ्याचं काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

खेडचा_डॉक्टर
एक राहिलं. आठ महिने रोज दोन-अडीचला जाग, जोडीदार गेल्यानंतर, तर एकदा फॅमिली डॉक्टरला दाखवाच, थायरॉइड, शुगर, चालू गोळ्या आणि मनावरचा भार सगळं बघून घ्यावं लागतं. झोपेची गोळी स्वतःहून देऊ नका, त्या वयात रात्री उठताना तोल जातो. संगीताचं म्हणाल तर निद्रानाशावरच्या अभ्यासांत लोकांनी रोज साधारण अर्धा ते एक तास ऐकलं आणि झोपेची प्रत सुधारल्याचं दिसलं, तेव्हा एका रात्रीत जोखू नका. आणि लखलखणारे दिवे दाखवणारे 'ब्रेनवेव्ह' व्हिडिओ मात्र नको, फिटचा त्रास असणाऱ्याला त्याने झटका येऊ शकतो.

नाशिकची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरकडे सोमवारची वेळ घेतली. काल रात्री तंबोरा लावला, मी आपला अंदाजाने काळी चारचा, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा सूर. दोन मिनिटं आई गप्प पडून होती, मग अंधारातूनच म्हणाली, अगं हा फार वर आहे, मला आता पांढरी चार लाव. लावला. तिने सा धरला, आवाज चिरका होता, तिसऱ्यांदा बरा लागला. मग तीच म्हणाली, उद्या पेटीवरचं कापड काढ, भाता बघायला हवा, उंदरांनी कुरतडला नसेल ना. झोपली पावणेबाराला, साडेतीनला उठली. देवघरात गेली नाही, पाणी पिऊन परत आडवी झाली.