साऊंड डिझाइन शिकायला चार लाखांचा कोर्स? आधी ठाण्याच्या तलावपाळीवर डोळे मिटून बसा

घंटाळीकर
भाचा बारावी झाला, कॉमर्सला होता, घोडबंदर रोडला राहतात ते. आता म्हणतोय सिनेमा-वेबसिरीजचं साऊंड डिझाइन शिकायचंय, आणि एका खासगी इन्स्टिट्यूटचं गुळगुळीत पत्रक घेऊन घरी आलाय, एक वर्षाचा डिप्लोमा, फी चार लाखांच्या वर. ताई-भावजींनी मला विचारलं कारण मी नोकरी सांभाळून चार-पाच वर्षं शॉर्टफिल्मांचं साऊंड करतोय. मी सरळ सांगितलं, देऊ नका. त्यावरून घरात महाभारत, म्हणून इथे टाकतोय.

माझं म्हणणं असं की हे काम आधी कानाचं आहे, मशीनचं नंतर. माझाच किस्सा सांगतो. पहिली शॉर्टफिल्म, कळव्याच्या चाळीत एक बाई पहाटे उठून पाणी भरते असा सीन. मी नेटवरून सकाळच्या पक्ष्यांची छानशी फाइल उतरवली, लावली, वर थोडा रिव्हर्ब म्हणजे घुमारा, एकदम खूश. सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवली तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "बाकी छान रे, पण हे पक्षी कुठले? आपल्याकडे पहाटे कावळे असतात." फाइल बघितली तर इंग्लंडातल्या कुठल्या तरी जंगलातली! मग पुढच्या रविवारी साडेचारला रेकॉर्डर घेऊन त्याच चाळीत जाऊन बसलो. पाणी यायच्या आधी नळातून हवा येते ना, ती फुस्स, मग दोन उचक्या, मग धार, मग निळ्या पिंपाच्या बुडावर पडणारं पाणी, आणि पिंप भरत जातं तसा त्या आवाजाचा सूर चढत जातो. तो उचकीचा आवाज मी बाई झोपलेली असतानाच टाकला, चित्र अजून अंधारात, आणि त्या आवाजावर ती डोळे उघडते. सीन एकदम उभा राहिला. हे कुठल्या डिप्लोम्यात शिकवतात?

सुरुवातीला एवढं पुरे: दहा हजारांच्या आसपासचा हँडी रेकॉर्डर, कान पूर्ण झाकणारा एक हेडफोन, आणि रीपर हे साऊंड एडिटिंगचं सॉफ्टवेअर, जे ६० दिवस फुकट वापरता येतं आणि आवडलं तर साधं लायसन्स ६० डॉलरला. डाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फेअरलाइट हा साऊंडचा भाग पण फुकटच मिळतो. उरलेले पैसे एफडीत टाका.

ऐरोली_ते_अंधेरी
पोस्ट-प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे शूटिंगनंतरच्या कामात, अकरा वर्षं काढली म्हणून लिहितोय, राग मानू नका. नळाचा किस्सा झकास आहे, पण घंटाळीकर, धंदा नळाचा नाही हो, धंदा डायलॉगचा आहे.

नवीन पोराला स्टुडिओत कोणी पक्षी लावायला देत नाही. त्याला देतात सोळा ट्रॅकचा गचाळ डायलॉग. नटाच्या शर्टात लपवलेल्या लेपल माइकवर कापडाची खरखर, बूमवर (लांब दांड्यावरचा माइक) मागच्या जनरेटरची घरघर, चार टेक चार वेगवेगळ्या वेळी घेतलेले, त्यामुळे एका वाक्यातून दुसऱ्यावर कट केला की मागचा एसी गायब आणि परत हजर. ते सगळं सांधायचं. प्रत्येक लोकेशनवर तीस सेकंद ते मिनिटभर नुसती शांतता रेकॉर्ड करायची असते, रूम टोन म्हणतात, ती नसेल तर दोन शब्दांमधल्या श्वासाच्या जागेतून चिंध्या उचलून भरायच्या. मी पहिली दोन वर्षं हेच केलं. दोन वर्षं! एकही स्फोट नाही, एकही पाऊस नाही. आणि काम उत्तम झालं तर प्रेक्षकाला कळतच नाही की कोणी काही केलंय.

दुसरं, खोली. हेडफोनवर मिक्स केलेलं थेटरात लावलं की एक तर बेस नुसता गुरगुरतो नाहीतर डायलॉग कुठेतरी खोल विहिरीत. मोजून-मापून लावलेल्या स्पीकरसमोर बसल्याशिवाय ते कळत नाही, आणि तशी खोली तलावपाळीवर नसते. तिसरं म्हणजे डिलिव्हरी, तयार साऊंड चॅनेलला ठरलेल्या मापात देणं. नेटफ्लिक्सला डायलॉगची सरासरी उणे २७ एलकेएफएस (आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप) लागते, फार तर दोन इकडे-तिकडे, आणि पीक, म्हणजे सगळ्यात मोठा क्षण, उणे २ डेसिबलच्या वर जाता कामा नये. माझ्या पहिल्या सिरीजचा एक एपिसोड क्यूसीमधून (त्यांच्या तपासणीतून) तीनदा परत आला होता, तिसऱ्यांदा मी रडायचा बाकी होतो. पोराला हे कोण सांगणार, तलावातले मासे?

नेरूळची_आई
माझी मुलगी पण हेच म्हणतेय म्हणून वाचतेय. दादा, यातलं निम्मं मला कळलं नाही, एवढंच सांगा की शिकून झाल्यावर नोकरी लागते का? मंथली पगार असतो का प्रोजेक्ट संपलं की घरी? आणि मुलींना रात्री-अपरात्री थांबावं लागतं का?

ऐरोली_ते_अंधेरी
ताई, खोटं नाही सांगत. सुरुवातीला असिस्टंट म्हणून महिन्याचे मिळतात पण थोडे, पुढे बहुतेक सगळं प्रोजेक्टवरच, आणि पैसे यायला तीन-चार महिने लागतात हे धरून चालायचं. रिलीजच्या आधीचा आठवडा रात्री होतातच. मुली आहेत, फोलीत (चित्र बघून पावलांचे, वस्तूंचे आवाज करणं) आणि डायलॉग एडिटिंगला तर चांगल्याच आहेत. आमच्याकडची सगळ्यात कडक डायलॉग एडिटर बाईच आहे, मी घाबरतो तिला.

ट्रान्सहार्बर_प्रवासी
साऊंडमधलं मला शष्प कळत नाही पण लोकलमधलं कळतं. परवा एक सिरीज बघितली, काळ १९९३ चा दाखवलाय, कपडे बरोबर, तिकिटाचा कागद बरोबर, आणि लोकल स्टेशनातून निघते ती सीमेन्स गाडीच्या चढत जाणाऱ्या सुरात!! त्या गाड्या २००७ मध्ये आल्या राव. जुन्या डीसी (डायरेक्ट करंट) विजेवरच्या गाडीचा आवाज वेगळाच, मोटरचा जाडाभरडा घर्र, आणि स्टेशनात उभी असताना डब्याखालचा कॉम्प्रेसर धडधडायचा, पायाला कळायचं ते. डीसी एप्रिल २०१६ मध्ये हार्बर लाइनवरून पण गेली, म्हणजे आता रेकॉर्ड करायला जाल तर मिळणार नाही. ज्यांच्याकडे जुन्या टेप आहेत त्यांनी जपा.

घंटाळीकर
@ट्रान्सहार्बर, हेच तर मी म्हणतोय!! त्या सिरीजवर काम करणाऱ्यांकडे महागडी खोली होती, लाखोंचे स्पीकर होते, उणे २७ पण बरोबर बसलं असणार, आणि गाडी चुकीची. कान नव्हता.

@ऐरोली, डायलॉगचं मान्य, एकदम मान्य, मी स्वतः त्यात कच्चा आहे. पण तुम्हीच लिहिलंय की दोन वर्षं स्टुडिओत बसून शिकलात. मग चार लाख कसले? तुम्ही कोर्स केला होता का?

ऐरोली_ते_अंधेरी
सहा महिन्यांचा केला होता. निम्मा वेळ लाइट गेलेली असायची. पण तिथल्या एका सरांमुळे स्टुडिओत शिरकाव झाला. कोर्सची किंमत तीच असते, दार कोण उघडून देतंय त्याची.

लॉ_कॉलेज_रोड
कोर्स म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर खासगी दुकानंच का येतात? पुण्याला एफटीआयआय ही सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट आहे, प्रभात स्टुडिओच्या जुन्या जागेत, साऊंड रेकॉर्डिंग आणि साऊंड डिझाइनचा तीन वर्षांचा पदव्युत्तर कोर्स, कलकत्त्याला तशीच एसआरएफटीआय आहे. स्लमडॉग मिलेनियरसाठी २००९ चं साऊंडचं ऑस्कर घेणारा रसूल पूकुट्टी एफटीआयआयचाच. तिथे तुम्हाला डायरेक्शनचा विद्यार्थी, कॅमेऱ्याचा विद्यार्थी, एडिटिंगचा विद्यार्थी यांच्याबरोबर भांडायला मिळतं, आणि साऊंडवाल्याचं निम्मं शिक्षण म्हणजे डायरेक्टरशी भांडणं. जागा मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, एंट्रन्स अवघड, आणि आधी ग्रॅज्युएशन लागतं, त्यामुळे भाच्याला आत्ता काहीच उपयोग नाही. पण तीन वर्षं आहेत हातात. बीकॉम करू दे निवांत, शेजारी रेकॉर्डर घेऊन फिरू दे. आणि तिथल्या प्रवेशाच्या अटी आत्ताच नीट वाचून ठेवा, साऊंडला बारावीपर्यंत फिजिक्स मागायचे आमच्या वेळी. कॉमर्सवाल्यांनी तेव्हाच हात टेकले होते.

घंटाळीकर
फिजिक्सचं वाचून ताईने फोन आपटला. धन्यवाद 😐

एआय_वाला_भाऊ
सगळे जुन्या जमान्यात आहात. आता टाइप करायचं "पावसात रिक्षा", आवाज तयार. डायलॉगमधला नॉइज एका बटणात जातो. दोन वर्षांत हे काम उरणारच नाही, मुलाला कोडिंग शिकवा.

ऐरोली_ते_अंधेरी
कोडिंग शिकवा 😂 बरं. नॉइज काढायचं बटण मी रोज वापरतो भाऊ. जास्त दाबलं की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. किती दाबायचं, आणि कुठे थोडा नॉइज तसाच ठेवायचा, त्याचे पैसे मिळतात मला.

शेडमधला_बूमवाला
घोडबंदरला सिरियलच्या सेटवर होतो सहा वर्षं. पत्र्याची शेड, बाहेर ट्रकची रांग, जूनमध्ये पाऊस पत्र्यावर पडला की सगळं युनिट चहा पीत बसतं. १९३१ मध्ये आलम आराचं, आपल्या पहिल्या बोलपटाचं, बरंचसं शूटिंग म्हणे रात्री एक ते चारमध्ये केलं, का तर स्टुडिओजवळून रेल्वे जायची. ९० वर्षं उलटून गेली, आम्ही अजून ट्रक जायची वाट बघतोय. माझं मत, पोराला आधी सहा महिने सेटवर बूम धरू द्या. हात भरून आले की कळेल डायलॉग वाईट का येतो. एडिट रूममधले लोक आम्हाला नुसत्या शिव्या घालतात.

ऐरोली_ते_अंधेरी
घालतो. रूम टोन द्या, नाही घालणार.

शेडमधला_बूमवाला
तीस सेकंद गप्प बसा म्हटलं की प्रॉडक्शनवाला घड्याळ दाखवतो, तुम्हीच या एकदा मागायला.

विंगेतून
मी नाटकाच्या ध्वनिसंकेताचा माणूस, वय ६१, ठाण्याच्या गडकरी आणि वाशीच्या भावे नाट्यगृहात किती रात्री विंगेत काढल्या त्याचा हिशोब नाही. घंटाळीकर, तुमच्याशी माझं भांडण वेगळंच आहे. तुम्ही म्हणता जाऊन खरं रेकॉर्ड करा. अहो पण खरा आवाज खोटा वाटतो, त्याचं काय?

पाऊस रेकॉर्ड करून बघा. खिडकीत माइक धरा आणि घरी येऊन ऐका, कोणीतरी भजी तळतंय असं वाटेल. खरंच सांगतो, एका प्रयोगाला आमची पावसाची टेप अडकली तेव्हा कँटीनमधल्या कढईपुढे माइक धरायची वेळ आली होती, प्रेक्षकांत कोणी हूं की चूं केलं नाही, फक्त पहिल्या दोन रांगांना भूक लागली असणार. पाऊस असा आवाजच नसतो. पत्र्यावरचा असतो, केळीच्या पानावरचा असतो, छत्रीवरचा, ताडपत्रीत साठून एकदम खाली पडणारा. पात्र घरात एकटं असेल तर मी पत्रा जवळ आणतो, बाहेरचा पाऊस मागे ढकलतो. थप्पड तर कधीच खरी वाजत नाही, खऱ्या थपडेचा आवाज टाळी चुकल्यासारखा येतो. ओला टॉवेल पाटावर आपटावा लागतो. स्टार वॉर्समधल्या त्या प्रकाशाच्या तलवारीचा आवाज त्याचा साऊंड डिझायनर बेन बर्टने जुन्या प्रोजेक्टरच्या मोटरची गुणगुण आणि टीव्हीच्या पिक्चर ट्यूबची भणभण मिसळून केला, १९७७ ला. तो काही खऱ्या तलवारी शोधत गेला नव्हता.

तेव्हा कान उघडा हे बरोबर, पण उघडलेल्या कानाने जे ऐकलं तेच जसंच्या तसं लावलं तर त्याला नोंद म्हणतात. तुमचा नळ चालला कारण तुम्ही तो बाई झोपलेली असताना लावलात. तो पहाटे पाचला खरा होता म्हणून नव्हे.

घंटाळीकर
काका, हे लागलं. हो, खरंय. आता आठवतंय, त्या सकाळी नळ आला तेव्हा चाळीत एक बाळ पण मोठमोठ्याने रडत होतं, ते मी काढून टाकलं होतं. खरं होतं, पण बाईचं बाळ वाटलं असतं. म्हणजे करत होतो तेच, कळत नव्हतं.

बरं, घरचा निकाल असा, की चार लाख सध्या थांबले, भाचा बीकॉमला. मी त्याला एक मिनिटाची मुकी क्लिप दिलीय, जुन्या शॉर्टफिल्ममधली: माणूस जिना चढतो, ग्रिलचं दार उघडतो, आत येऊन चप्पल काढतो, खुर्चीत बसतो. अट एवढीच की नेटवरची एकही फाइल नाही. पठ्ठ्याने रविवारी बिल्डिंगच्या जिन्यात अकरा वेळा चढउतार केली, वॉचमनने सेक्रेटरीला फोन लावला. काल ऐकवलं त्याने. पावलं कोल्हापुरीची लावलीत आणि स्क्रीनवर माणसाच्या पायात स्लिपर आहे. विचारलं तर म्हणतो, "मामा, तो घरी यायला घाबरतोय ना, स्लिपर फारच आरामात वाटत होती." मी काय बोलणार. पण जिन्याचा घुमारा घराच्या आत आल्यावरही तसाच चालू आहे, आणि एके ठिकाणी कुकरची शिट्टी घुसलीय, शेजारच्यांची.

विंगेतून
शिट्टी ठेवा. घाबरलेला माणूस घरी आलाय, आत कोणीतरी जेवण करतंय.

ऐरोली_ते_अंधेरी
शिट्टी ठेवा पण तीन डीबी (डेसिबल) खाली, जरा हळू. आणि कोल्हापुरी काढायला लावा, क्लोजअप आला की मेलात. घंटाळीकर, शनिवारी पाठवा त्याला माझ्याकडे, घरीच एक जुना डायलॉगचा सेशन पडलाय, दिवसभर साफ करायला बसवतो, संध्याकाळी पण यायचं म्हणाला तर बघू. हेडफोन त्याचा त्याने आणायचा. आणि डबा पण, बायको माहेरी गेलीय.